ताईचे मूळ कागद

४ ऑक्टोबर, रविवार

ताई,

मोठ्या बहिणीच्या पत्रात वर काय काय लिहायचं असतं, ते शाळेत शिकवलं त्या दिवशी मी बहुतेक भिंतीवरून उडी मारून गेलो होतो. म्हणून नुसतंच ताई. नमस्कार तुझा तू धरून घे.

तुझं पाकीट पोचलं. ट्रकवाले काका सरळ गोदामात आले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "तुझ्या बहिणीनं बजावलंय, फक्त त्याच्याच हातात द्या. मी म्हटलं, बाई, हात सापडायला तो एका जागी असायला हवा." मुकादम इतका हसला की त्याला ठसका लागला. हसू देत. पाकीट माझ्या हातात आलं, आणि तेही तुझ्याकडून, हे मला पुष्कळ आहे. दोन वर्षांत तू मला काही पाठवलेलं हे पहिलंच. आत माझ्यासाठी एक ओळ असेल म्हणून पाकीट उलटं करून झटकलं, पण नुसत्या सूचना निघाल्या. रागावलो नाही. घर सोडून इकडे आलो तेव्हापासूनचा तुझा राग मला ठाऊक आहे. तुझ्या पाणी-तपासणीच्या बाटल्यांसारखा तो लेबल लावून फळीवर ठेवलेला असतो.

सूचना पाठ झाल्या आहेत, ऐक. पदवीचं मूळ प्रमाणपत्र, तिन्ही वर्षांच्या मूळ गुणपत्रिका, आणि तुझ्या कॉलेजच्या मॅडमचं शिफारसपत्र, ज्याचं पाकीट फोडायचं नाही. तुमच्या गावात शिक्का मिळत नाही म्हणून प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका इथल्या सरकारी कचेरीत न्यायच्या, प्रत्येकीच्या पाठीवर शिक्का घ्यायचा, सगळं परत काकांच्या हाती द्यायचं. बाहेरच्या देशातल्या विद्यापीठाची शेवटची तारीख तीस नोव्हेंबर. आणि हे तू खाली रेघ मारून लिहिलंयस: त्यांना दहा वर्षांपेक्षा जुनी पदवी चालत नाही, म्हणजे हे वर्ष गेलं की संपलं. समजलं. दहावीच्या पेपरातून मी अर्ध्यात उठलो ते तू विसरणार नाहीस, पण हा पेपर मी पुरा सोडवून दाखवतो.

एकच काळजी होती. आमची खोली तू पाहिलेली नाहीस. चार माणसं, एक खिडकी, आणि कोपऱ्यात पाणी झिरपतं. माझ्या शेजारी झोपतो तो कँटीनचा आचारी. माणूस सोन्यासारखा, पण हात कायम तेलाचे. तो नुसता "बघू रे" म्हणाला तरी कागदावर डाग पडेल. आता मी आहे पॅकिंगवाला. लोकांची काचेची कपाटं, देव्हारे, इस्पितळाची यंत्रं आम्ही अशी बांधतो की ट्रक उलटला तरी चरा पडू नये. मग सख्ख्या बहिणीचे कागद असेच ठेवू? तेव्हा मी एक काम करून घेतलंय. काय ते सांगत नाही. हातात आले की पाहा आणि मग माझ्या डोक्याला नावं ठेव.

फोन केला नाही म्हणून तोंड वाकडं करू नकोस. फोनवर तू माझ्या हॅलोवरून ओळखतेस मी जेवलोय का. पत्रात बरं असतं. बाबांना सांग, खोकल्याचं औषध पिऊन टाका, कुंडीत ओतू नका.

तुझा,
भिंगऱ्या


१३ ऑक्टोबर, मंगळवार

ताई,

कचेरीत गेलो होतो. म्हणजे दारापर्यंत गेलो होतो. गर्दी फार. जेवणाची सुट्टी झाली आणि खिडकी बंद. इथले लोक सकाळी आपली चप्पल रांगेत ठेवून चहा प्यायला जातात, मला ते माहीत नव्हतं. माझ्या पुढे सगळ्या चपलाच होत्या. पुढच्या वेळी माझीही ठेवीन.

खिडकीवरचे साहेब वयस्कर आहेत, चष्मा कपाळावर ठेवतात आणि कागद नाकाजवळ नेऊन बघतात. बोटानं टकटक करून बघतात. लांबून पाहिलं मी.

सहज एक विचारायचं होतं. विद्यापीठ पदवीचा कागद दुसरा काढून देतं का? आमच्याकडे एकाचा हरवलाय, तो विचारत होता. किती दिवस लागतात, स्वतः जावं लागतं का, वगैरे. तुला ठाऊक असलं तर सांग, नसलं तर राहू दे. फार घाईचं नाही त्याचं.

तुझे फोन दिसले. मुकादम कामावर फोन घेऊ देत नाही. आणि संध्याकाळी खोलीत आवाज फार असतो, आचारी भांडी घासताना गातो.

कागद सुरक्षित आहेत. त्यांना काहीसुद्धा झालेलं नाही.

भिंगऱ्या


२० ऑक्टोबर, मंगळवार

ताई,

हे पत्र काकांच्या हाती देणार नाही. लिहून ठेवतो. लिहिलं नाही तर मी कुणाच्या तरी अंगावर ओरडेन, आणि इथे ओरडायला फक्त आचारी आहे, त्याची काही चूक नाही.

मी तुझे कागद लॅमिनेट करून आणले.

बाजारातल्या दुकानात नेले आणि समोर उभं राहून करून घेतले. सगळ्यात जाड प्लॅस्टिक मागितलं. एका गुणपत्रिकेच्या कोपऱ्यात हवेचा बुडबुडा राहिला होता, तर मी दुकानदाराला ती परत यंत्रातून काढायला लावली. तो म्हणाला, "बहिणीच्या लग्नाचं काम असल्यासारखं करतोस बाबा." मी म्हटलं, त्याहून मोठं. माझा नववी पासचा शाळा सोडल्याचा दाखलाही सोबत होता, तोही त्याच्या पुढे सरकवला. सगळे गरम गरम हातात आले तेव्हा मला काय वाटलं ते कसं सांगू. तुझी पदवी काचेसारखी चमकत होती. त्यावर पाणी ओतलं असतं तरी ओघळून गेलं असतं. मॅडमचं बंद पाकीट मात्र यंत्रात जाईना. त्याला मी गोदामात नेऊन वरून नुसतं प्लॅस्टिक गुंडाळलं, ते ठीक आहे.

मग कचेरीत गेलो. तुला तेरा तारखेला लिहिलं तसं दारापर्यंत नाही, खिडकीपर्यंत. साहेबांनी प्रमाणपत्र नाकाजवळ नेलं, टकटक केलं, आणि म्हणाले, "हे लॅमिनेशन कुणी केलं?" मी छाती काढून म्हणालो, मी. ते म्हणाले, "मूळ कागदाला हात लागायला हवा, शिक्का कागदावर बसायला हवा. हे असं आम्हाला चालत नाही." मागचा माणूस हसला. साहेब पुढे काहीतरी बोलत होते, पण माझ्या कानात नुसता वारा भरला होता. मी कागद ओढले आणि निघालो. रस्त्यावर आल्यावर कळलं, चप्पल तिथेच रांगेत राहिली. परत गेलो नाही.

आचारी म्हणाला, "इस्त्री फिरवली तर सुटेल, आमच्या साहेबांच्या खानावळीच्या पाटीचं प्लॅस्टिक सुटलं होतं." तुझ्या कागदावर प्रयोग करायची माझी हिंमत झाली नाही. माझा दाखला घेतला. फडकं ठेवून इस्त्री फिरवली, कोपरा उचकटला, हळूहळू ओढला. कागद दोन पापुद्र्यांत फाटला आणि अक्षरं प्लॅस्टिकला चिकटून वर आली. माझं नाव, बाबांचं नाव, जन्मतारीख, सगळं प्लॅस्टिकवर उलटं. आचाऱ्यानं हात जोडले. म्हणाला, "माफ कर रे, पाटी लोखंडाची होती, हे डोक्यात आलं नाही." माझ्या दाखल्याचं मला काही नाही, तो कोण मागणार आहे. पण तुझ्या पदवीचं हेच झालं असतं. त्या रात्रीपासून तुझे कागद मी उशाखाली ठेवत नाही. उशाखाली हात गेला की झोप उडते.

आणखी एक. गुणपत्रिकांच्या मधे तू एक कच्चा कागद घातला होतास, एकीची शाई दुसरीला लागू नये म्हणून. त्याच्या पाठीवर तू अर्जासाठी काहीतरी मराठीत मांडलं होतंस, खाडाखोड करून. मी वाचलं. वाचायचं नव्हतं, पण अक्षर तुझं होतं. पिण्याच्या पाण्यात काय काय मिसळतं आणि ते कळायला आपल्याकडे किती उशीर होतो, ते तू लिहिलंयस. ते वाचून मला वाटलं, ही तीच का, जी मला आंघोळीचं पाणी सांडलं म्हणून ओरडायची. मग खाली एक ओळ होती. "पदवीनंतर लगेच पुढे शिकण्याची इच्छा होती, परंतु घरातील जबाबदाऱ्यांमुळे ते शक्य झाले नाही."

आई गेली तेव्हा बाबा कमावते होते. घरात जबाबदारी एकच होती आणि ती भिंतीवरून उड्या मारत होती. तू जबाबदाऱ्या लिहिलंस. माझी लाज राखायला एकीच्या अनेक केल्यास.

पाठवणार नाही हे पत्र. आधी काहीतरी मार्ग काढतो. मार्ग निघाला की मग हसत हसत सांगेन.


२५ ऑक्टोबर, रविवार

ताई,

काम चालू आहे. साहेब म्हणाले थोडा वेळ लागेल. तू उगाच काळजी करतेस, आणि काका सांगतात तू त्यांना गाडी लावायच्या आधीच विचारतेस. इतकं विचारू नये, त्यांनाही वाईट दिसतं.

दुसऱ्या कागदाबद्दल तू लिहिलंस ते त्या माणसाला सांगितलं. महिन्याभराचं काम आहे तर. बरं झालं कळलं.

तब्येत चांगली आहे.

भिंगऱ्या


१२ नोव्हेंबर, गुरुवार

ताई,

हे बसून वाच. बाबा समोर असतील तर आत जा.

या पत्रासोबत वीस ऑक्टोबरचं एक पत्र आहे. आधी ते वाच, मग इथे ये. मी थांबतो.

वाचलंस? तर पंचवीस तारखेला तुला जे पाठवलं ते सगळं खोटं होतं. ज्याचा कागद हरवला तो माणूसही कुणी नाही. तो मीच. तू मला लिहिलंस की दुसरं प्रमाणपत्र काढायला महिना लागतो. ते मी वाचलं तेव्हा महिना हातात होता, वर चार दिवसही होते. त्याच दिवशी तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी जाऊन अर्ज दिला असतास. मी ते पत्र खिशात घालून कामाला गेलो. एका डॉक्टरांचं कपाट बांधत होतो. इतकं घट्ट बांधलं की मुकादम म्हणाला, "अरे, ते त्यांना परत उघडायचंय."

लॅमिनेशन मी चुकून केलं. लपवलं ते चुकून नाही. पहिल्याबद्दल तू मला गाढव म्हण, मी मान खाली घालीन. दुसऱ्याबद्दल काय म्हणायचं ते मला सुचत नाही, तूच शोध.

काल आचाऱ्यानं मला धरून कचेरीत नेलं. रजा काढून आला. वाटेत म्हणाला, "मी डाळ जाळली तर लगेच ओरडून सांगतो. न सांगता वाढली तर शंभर ताटं परत येतात." साहेबांसमोर गेलो, पाया पडायचं ठरवलं होतं, पण खिडकी उंच आहे, पाया पडलो तर दिसलो नसतो. त्यांनी मला बघितलं, चष्मा खाली घेतला आणि म्हणाले, "तुम्हीच ना ते? चप्पल सोडून गेलेले?"

ताई, त्यांनी माझी चप्पल ठेवली होती. शिपायानं टेबलाखालून काढून दिली.

मग ते म्हणाले, "अहो, मी त्या दिवशी सांगत होतो. 'हे आम्हाला चालत नाही, पण' म्हणून मान वर केली, तर खिडकीत पुढचा माणूस. 'पण'च्या पुढचं ऐकायचं असतं. तुमच्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे पडताळणीचं पत्र मिळतं. नोंदी तपासून ते थेट बाहेरच्या विद्यापीठाला कळवतात की ही पदवी खरी आहे. मग आमच्या शिक्क्याची गरजच राहत नाही. पंधरा-वीस दिवसांचं काम. त्या दिवशी दिला असता अर्ज तर आतापर्यंत झालं असतं."

आचारी मला बाहेर घेऊन आला. मी पायरीवर बसलो. त्यानं बाजूच्या गाडीवरून पाणी आणलं, तेही तेलकट हातानं, आणि मी प्यायलो.

परीक्षा विभाग तुमच्याच गावात आहे. तुझ्या सहीचा अर्ज लागेल, आणि माझ्या नावे तुझं अधिकारपत्र, म्हणजे मला तुझ्या वतीनं तिथे उभं राहता येईल. साहेब म्हणाले, कुणीतरी रोज जाऊन बसलं तर कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर लवकर सरकतो. तुझी नोकरी आहे, नमुने रोज यायचे थांबत नाहीत. मी मुकादमाला सांगितलंय. तो म्हणाला, हंगामात गेलास तर परत जागा मिळेलच असं नाही. मी म्हटलं, बरं.

तू हो म्हणालीस तर काकांच्या गाडीतून येतो. नाही म्हणालीस तर कागद काकांच्या हाती देतो आणि तुझ्या नजरेसमोर येत नाही.

भिंगऱ्या


१९ नोव्हेंबर, गुरुवार

ताई,

हे पत्र फार लांबून येत नाही. परीक्षा विभागाच्या बाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. तुझी प्रयोगशाळा इथून पाण्याच्या टाकीपलीकडे दिसते. काका संध्याकाळी जाताना तुमच्या दारात टाकतील.

तुझी सही आली, अधिकारपत्र आलं आणि सोबत तुझी ओळ: "जाऊन बस. उठू नकोस." मी ती शर्टाच्या खिशात ठेवली आहे. प्लॅस्टिकमधे घातलेली नाही.

घरी आलो नाही. तू ये असं लिहिलं नव्हतंस, आणि न बोलावता येण्याइतकं तोंड माझ्याकडे नाही. काकांच्या ट्रक लावायच्या आवारात पहारेकऱ्याची खोली आहे, तिथे पथारी टाकली आहे. बाबा काल कोपऱ्यावर दिसले. मफलर गुंडाळून हळूहळू चालत होते. मी टपरीच्या मागे झालो. पंचविशीचा घोडा बापाला बघून टपरीमागे लपतो, कसं दिसतं ते.

इथलं सांगतो. अर्ज दिला त्या दिवशी कारकून बाई म्हणाल्या, "पंधरा दिवसांनी या." मी म्हटलं, बाई, मी इथेच आहे. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. दुसऱ्या दिवशी मी होतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुम्हाला घरदार नाही का?" मी म्हटलं, आहे, दोन गल्ल्या सोडून. मग जुन्या नोंदींच्या खोलीकडे जाणारा कागद त्यांनी माझ्यासमोर गठ्ठ्यातून वर काढून ठेवला.

बसणं मला जमत नाही हे तुला माहीत आहे. पाय आपोआप हलतो. इथला म्हातारा शिपाई पहिल्या दिवशी येऊन म्हणाला, "बाकाला भूकंप झालाय का बघायला आलो." आता तो येता-जाता माझ्या गुडघ्यावर हात ठेवतो, पाय थांबतो, तो जातो, पाय सुरू होतो. समोर मुलं-मुली येतात, गुणपत्रिका घेतात, एकमेकांच्या पाठीवर थाप मारतात, आणि जातात. कागद कुणी खिशात दुमडून ठेवतं, कुणी त्यानं वारा घेतं. मला उठून त्यांच्या हातातून काढून घ्यावेसे वाटतात. मग आठवतं, मी सांभाळायला घेतले होते त्यांचं काय झालं.

आज दुपारी दोनदा उठावंसं वाटलं. एकदा खरंच उठलो, दारापर्यंत गेलो. मग खिशातली तुझी ओळ हाताला लागली. परत आलो तर माझ्या जागी एक बाई पिशवी घेऊन बसलेल्या. त्यांच्या शेजारी अर्ध्या जागेवर बसलो. आज अर्धाच बसलो असं धर, उद्या पूर्ण बसेन.

नोंदी सापडल्या आहेत. तुझं नाव जुन्या मोठ्या वहीत आहे, पहिल्या वर्गात. कारकून बाईंनी ते मला लांबून दाखवलं. आता तपासणाऱ्याची सही, मग परीक्षा नियंत्रकांची. नियंत्रक गावाला गेलेत. कधी येणार ते कुणी सांगत नाही.

रागावली असशील तर तसं तरी काकांजवळ सांग. तू काहीच सांगत नाहीस, ते जास्त लागतं.

भिंगऱ्या


२७ नोव्हेंबर, शुक्रवार

ताई,

तू आत्ता माझ्या शेजारी बसली आहेस आणि मी तुला पत्र लिहितोय. वेड्यासारखं दिसत असेल. पण तू बोलत नाहीस, मग मी तोंड कुठे उघडू?

तू दुपारच्या सुट्टीत आलीस. तुझ्या अंगाला अजून त्या जंतुनाशकाचा वास येतोय. मला वाटलं तू खिडकीशी जाशील, भांडशील, मला बाजूला सारशील. तू बाकाकडे बघितलंस, रुमालानं जागा पुसलीस आणि बसलीस. पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवलीस. मी प्यायलो. नियंत्रक काल रात्री परत आलेत म्हणे, कागद आत गेलाय. आज शुक्रवार. शनिवार-रविवार बंद. सोमवार शेवटचा दिवस. दोघांनाही माहीत आहे.

मी डाव्या हातानं कागद झाकून लिहितोय. तू तिरकं बघते आहेस, मला कळतं.

आत्ता तू बोललीस. "पाय हलवू नकोस. बाक हलतंय." दोन वर्षांत तू माझ्याशी समोरासमोर बोललेलं हे पहिलं वाक्य. मी पाय थांबवलाय. थांबलाय, बघ.

कारकून बाई हाक मारताहेत.


पुढचं नाक्यावरच्या सायकलवाल्याच्या पायरीवर बसून लिहितोय. तू पाहिलंस ते सगळं, तरी लिहितो. माझ्या डोळ्यांनी ते वेगळं होतं.

बाई म्हणाल्या, "पत्र तयार आहे. पण—"

ताई, माझे पाय वळले होते. खरं सांगतो. 'पण' हा शब्द ऐकला की माझ्या अंगातून काहीतरी सुटून पळायला लागतं. मी खिडकीची कड दोन्ही हातांनी धरली आणि उभा राहिलो. बाईंनी चष्मा पुसला, कुणाला तरी फोन लावला, ठेवला, आणि मग वाक्य पुरं केलं. "पण थेट बाहेर पाठवायचं तर अर्जदाराची सही आमच्यासमोर लागते. अधिकारपत्रावर नाही चालत. त्या येऊ शकतील का आजच?"

मी मागे वळून पाहिलं. तू उठून उभी होतीस.

तू सही केलीस तेव्हा मी तुझ्या हाताकडे पाहत होतो. तुझ्या वेळची जुनी वही बाईंनी तुझ्यासमोर उघडली, तुझी दहा वर्षांपूर्वीची सही आणि आजची शेजारी शेजारी ठेवून पाहिली, आणि म्हणाल्या, "एकच आहेत हो." मग त्यांनी संगणकावर बोटं चालवली, तुझं पत्र आमच्या डोळ्यांदेखत बाहेरच्या विद्यापीठाला गेलं, आणि पोचल्याची नोंद आली. शिपाई म्हातारा म्हणाला, "आता बाक रिकामं झालं म्हणजे चुकचुकल्यासारखं होईल." तू हसलीस. त्याच्याकडे बघून, माझ्याकडे नाही. तेवढं मी धरलं.

बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "ते दे."

मी पिशवीतून प्लॅस्टिकमधले तुझे कागद काढून दिले. मॅडमचं पाकीट दिलं, न फोडलेलं. तू पाकिटावरचं माझं गुंडाळलेलं प्लॅस्टिक नखानं उलगडलंस, आरामात सुटलं. मग पदवीचं प्रमाणपत्र उन्हात धरलंस, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं, तुमच्याकडे पाण्याचा नमुना धरतात तसं. मी वाट पाहत होतो. चार शिव्या, एक थोबाडीत, काहीही चाललं असतं.

तू म्हणालीस, "एकही बुडबुडा नाही."

मला हसायला हवं होतं ना त्यावर? बरोबरचा मित्र असता तर हसला असता. मला हसू आलं नाही. म्हणजे ते पत्र तू नीट वाचलं होतंस. तीन आठवडे मी तुला उभं जाळलं, ते बाजूला ठेवून तुला त्या दुकानातला बुडबुडा आठवला.

मग मी तो कच्चा कागद काढला. म्हटलं, हा राहिला होता. तू बघितलास, घडी घालून माझ्याच खिशात परत ठेवलास आणि म्हणालीस, "ती ओळ अर्जात नाही. खोडली."

का खोडलीस ते विचारायला मला धीर झाला नाही. तू पुढे चालायला लागलीस. नाक्यावर थांबून म्हणालीस, "बाबांना सांगितलंय. पाच मिनिटांत ये." आणि वळलीस. मागे पाहिलं नाहीस. मी येतोय की नाही ते बघायला कुणीही एकदा मागे पाहिलं असतं, माझ्या बाबतीत तर कुणीही.

प्रवेश मिळेल न मिळेल, ते आता त्या लोकांच्या हातात. मिळाला तर तू जाशील आणि बाबांना औषध पाजायला घरात कुणीतरी लागेल. ते मी मुकादमाला आजच कळवतो. नाही मिळाला तर त्या तीन आठवड्यांमुळे नाही ना मिळाला, हे मी जन्मभर विचारत राहीन. तू नाही म्हणालीस तरी.

सायकलवाला विचारतोय, "साहेब, टायर भरायचंय की नुसतंच बसायचंय?"

दहा-अकरा दिवस तू सांगितलंस म्हणून बसलो, एकदाच उठलो. आता तू उठून ये म्हणालीस, आणि पाय उचलत नाहीत. पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली. दारात तुझ्यासमोर उभं राहायचं आहे. बाबा विचारतील, इतके दिवस कुठे होतास. त्याचं उत्तर मी द्यायचं आहे आणि ते पूर्ण होईपर्यंत जागेवरून हलायचं नाही.

हे पत्र तुझ्याच हातात देतो.

येतो.

भिंगऱ्या